एकशे अठ्ठावीसची रांग

मृणालिनीताई सोवनींचे रामजन्माचे कीर्तन ज्यांनी मिरजेत बसून ऐकले आहे, त्यांना वेगळे काही सांगायला नको. ज्यांनी ऐकले नाही त्यांनी एवढे समजून घ्यावे, की रामनवमीला दुपारी बारा वाजता जन्म व्हायचा असतो आणि तो कीर्तनातच व्हायचा असतो. घड्याळ थांबत नाही, आख्यान तोडता येत नाही. कीर्तनकार नवखा असला तर पावणेबारालाच कौसल्येच्या महालात पोचतो आणि मग तिथेच घोटाळत बसतो. नाहीतर बारा वाजून जातात, दशरथाचा यज्ञ आवरत नाही आणि पुजारी पाळण्याची दोरी धरून ताटकळतात. ताईंच्या एकतीस वर्षांत असे एकदाही झाले नाही. शेवटी एक कटाव असे, म्हणजे एका दमात, धावत्या लयीत म्हणायची शब्दांची माळ. ती त्या अशा बेताने उचलत, की शेवटचा शब्द आणि बाराचा ठोका एकाच समेवर यावा. त्या क्षणी अंगावर काटा येई. देव खरोखरच आत्ता, या मांडवात आला असे वाटे.

मागे तबल्यावर त्यांचे पती, हेरंबराव. पोटापाण्यासाठी ते शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक केंद्रात नेटवर्कचे काम बघत. तबला ही त्यांची सेवा. हात काही फार तयार नव्हता, पण एका गुणासाठी त्यांचे नाव होते. ते सांभाळून घेत. ताईंना खोकला आला, साकीचे पद अर्धी मात्रा उशिरा उचलले गेले, निरूपणाच्या भरात लय पुढे पळाली, तरी ठेका इतक्या अलगद मागेपुढे सरके की श्रोत्यांना कळायचेही नाही. साथ करणारे पुष्कळ भेटतील, वाट बघणारा एकच भेटला, असे ताई भर कीर्तनात सांगत आणि हेरंबराव मान खाली घालून शाईवरची पावडर पुसत.

आजार आला तो बोटांतून. आधी हातातली झांज निसटू लागली, मग पायऱ्या चढवेनात, आणि दीड वर्षाने जीभ जड झाली. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी यात एकेक करून विझत जातात. बुद्धी, स्मरण, भक्ती सगळे जागच्या जागी असते. निरोप तेवढे पोचत नाहीत. साठीही गाठली नव्हती, आणि एका आषाढात ताईंचा आवाज गेला.

अशा माणसांसाठी त्या सुमारास वाणीसेतू निघाला होता. तोंड हलवण्याचा हुकूम मेंदूच्या ज्या भागातून सुटतो, तिथे नखाएवढी तारांची जाळी बसवायची. माणसाने मनात 'राम' म्हणायचे ठरवले, की ओठ हलोत न हलोत, तिथे ठिणग्या उडतातच. जाळी त्या टिपते आणि गळ्यातल्या पट्टीतून बिनतारी पाठवते. रुग्णालयातला संगणक त्यांचा अर्थ लावतो, आणि त्या माणसाच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या आवाजात शब्द परत येऊन खुर्चीला लावलेल्या स्पीकरमधून उमटतात. ताईंची मुद्रणे तर शेकडो तासांची होती. भाद्रपदात शस्त्रक्रिया झाली. वाचादोषांच्या डॉक्टर नसीमा तांबोळी यांनी यंत्र सुरू केले आणि जे मनात येईल ते बोला असे सांगितले. खोलीत ताईंचा, अगदी त्यांचाच, आवाज आला. त्यांनी नवऱ्याला विचारले होते, जेवलात का. हेरंबराव उठून व्हरांड्यात निघून गेले.

पुढे जे घडले ते कळायला यंत्राच्या आतले थोडे सांगावे लागेल.

रुग्णालयातल्या त्या एका मोठ्या संगणकाच्या पोटात प्रत्येक रुग्णासाठी एकेक आभासी संगणक चालतो. मोठा तो यजमान, पोटातले ते पाहुणे. पाहुण्याला बाहेरून माहिती यायची तर नेटवर्क कार्ड लागते, पण तेही खरे नसते, यजमानाने उभा केलेला तो देखावा असतो. ड्रायव्हर नावाचा एक लहानसा प्रोग्राम पाहुण्याच्या वतीने त्या कार्डाशी व्यवहार करतो. सुरुवातीलाच दोघांत बोलणी होतात ती रांगेची. यजमान सांगतो, आलेल्या माहितीच्या पाकिटांना थांबायला माझ्याकडे जास्तीत जास्त इतक्या जागा आहेत. ड्रायव्हरने तेवढ्या घ्याव्यात किंवा कमी घ्याव्यात, जास्त मागता येत नाहीत. आकडा दुपटीनेच चढतो: सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. एकदा ठरले की यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत तेच.

रांग लहान ठेवली तर एकदम गर्दी झाल्यावर जागा न मिळालेली पाकिटे गळतात, आणि गळलेले पाकीट कायमचे गेले. रांग मोठी ठेवली तर काही गळत नाही, पण जो तो आपली पाळी येईपर्यंत थांबतो. ताईंच्या जाळीतून साधारण दर दोन मिलिसेकंदांना एक पाकीट सुटे. बोलणे घाईचे झाले तर जास्त.

वाणीसेतू करणाऱ्यांनी बत्तीस जागा सुचवल्या होत्या. हेरंबरावांनी तो आकडा स्वतःच्या हाताने बदलला. यजमान एकशे अठ्ठावीस द्यायला तयार होता, त्यांनी सगळ्या घेतल्या. ताईंची शिष्या गार्गी त्या दिवशी शेजारीच बसली होती, तिला ते म्हणाले होते की देवापुढे उभ्या राहणाऱ्या बाईचा एक शब्दही खाली पडू देणार नाही. गार्गीला त्यांचे फार कौतुक वाटले.

डॉक्टरांच्या चाचणीत शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर आले. इतका चांगला निकाल त्या वॉर्डात कुणाचाच नव्हता.

घरी मात्र ताई अडखळू लागल्या. एक अक्षर दोनदा, तीनदा येई. वाक्य अर्ध्यावर सोडून त्या डोळे मिटत. संध्याकाळी हेरंबराव तबला घेऊन बसले की गाडी जरा रुळावर येई, ठेका आणि शब्द एकमेकांना सोडत नसत. पण लय उतरत जाई. मध्यलयीत उचललेली साकी चौथ्या ओळीपर्यंत बैलगाडीसारखी चाले. डॉक्टरांना विचारले तर त्या हळू आवाजात म्हणाल्या, की आजार कधीकधी मेंदूत वरपर्यंत चढतो, तसे असू शकेल. यंत्र तर शब्द अचूक देत होते.

मार्गशीर्षात ताई 'हो' आणि 'नको' एवढ्यावर आल्या. बहिणीचा फोन आला की मान वळवत. दत्तजयंतीचे, दासनवमीचे कीर्तन त्यांनी नाकारले. आणि माघात एका सकाळी, चार वेळा अडखळून, पाचव्यांदा त्यांनी सांगितले की यंदा रामनवमी गार्गी करील. हेरंबरावांकरवी स्वतःची झांज तिला द्यायला लावली. गार्गी झांज घेऊन स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि मग शिकायला बसली.

फाल्गुनात हेरंबरावांचे बोट दारात चेमटले. डॉक्टरांनी पट्टी बांधून दोन आठवडे तबल्याला हात लावायचा नाही म्हणून बजावले. गार्गीचा तर रोजचा पाठ होता. तिने फोनवर ॲपातला तबला लावला, केरवा, आणि म्हणून दाखवू लागली. एका साकीची उठावणी, म्हणजे ओळ कुठून उचलायची ते, तिला सापडेना. ती नुसतीच अंदाजाने चाचपडत राहिली तेव्हा ताईंना राहवले नाही. शिकवणाऱ्याचा स्वभाव, दुसरे काय. त्यांनी स्वतः साकी उचलली.

शब्द मागे पडला. दुसऱ्या ओळीलाही पडला, तिसऱ्याही. फोनातला तबला कुणासाठी थांबणारा नव्हता. ताईंनी लगेच डोळे मिटून घेतले. गार्गी गोंधळली आणि सहज बोलून गेली, "काका, तुम्ही वाजवता तेव्हा ताई कधीच अशा मागे पडत नाहीत."

 हेरंबरावांचा कान एकतीस वर्षे मात्रा मोजलेला होता. तिन्ही ओळींना शब्द मागे पडला होता तो सारख्याच अंतराने. गार्गी फोनवर पाठ मुद्रित करून ठेवी. ते मुद्रण त्यांनी दुसऱ्या दिवशी केंद्रात संगणकावर उघडले आणि सम ते शब्द असे अंतर मोजले. पाव सेकंद. पुढच्या ओळीला पाव सेकंद. त्याच्या पुढच्याही. आजार असा मोजून मापून पाय टाकत नाही.

एकशे अठ्ठावीस पाकिटे, प्रत्येकाचे दोन मिलिसेकंद. दोनशे छप्पन्न. त्यासाठी कागद लागला नाही.

रांग नुसती लांब असली म्हणून उशीर होत नाही, ती भरलेली राहिली तर होतो. सकाळी पहिल्या घाईच्या वाक्याला ती भरे. त्यानंतर जितकी पाकिटे आत येत तितकीच बाहेर पडत, कारण अर्थ लावणारे यंत्रही साधारण त्याच वेगाचे. म्हणून ती दिवसभर रिकामी म्हणून होत नसे. ताईंना स्वतःचा आवाज सतत पाव सेकंद उशिरा ऐकू येई. आणि स्वतःचा आवाज इतका मागून ऐकू आला की धडधाकट माणूसही तोतरा होतो. डॉक्टरांच्या पुस्तकात हे पहिल्यापासून होते, त्यांच्या तक्त्यात मात्र शब्द बरोबर की चूक एवढाच रकाना होता.

आणि तबला? ताई मनात समेवर येत, आवाज मागून येई, हेरंबराव त्या आवाजासाठी थांबत. ताईंना ठेका मागे आलेला ऐकू येई, म्हणून त्या त्याच्यासाठी थांबत. दारात उभे राहून 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करणाऱ्या दोन भिडस्त माणसांसारखे. सहा महिने. दुसरा कुणी कोरडा, हट्टी तबलजी असता तर पहिल्या संध्याकाळी म्हणाला असता, बाई, तुमच्या यंत्रात काहीतरी खोट आहे.

त्यांनी डॉक्टर तांबोळींना बोलावले आणि दोघांनी मिळून आकडा उतरवला. चौसष्टला ताई अजून अडखळत होत्या. बत्तीसला यंत्र पुन्हा सुरू झाले, आणि ताई म्हणाल्या, "अहो, तो पंखा जरा हळू करा, मघापासून माझे केस डोळ्यांत जातायत."

सहा महिन्यांतले पहिले सरळ वाक्य. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि थोड्या वेळाने, दुसऱ्या रुग्णाकडे जायचे आहे असे सांगून गेल्या. जाताना त्यांनी दारात हेरंबरावांना जे सांगायचे ते सांगितले. जाळीतल्या ठिणग्या भाद्रपदाच्या मानाने निम्म्यावर आल्या होत्या. चैत्रापर्यंत हा आवाज पुरेल, वैशाखाचे त्या बोलत नव्हत्या.

हेरंबरावांनी पंखा हळू केला, केस मागे सारले आणि खुर्चीसमोर बसून सगळे सांगितले. रांग, आकडा, तो का वाढवला, तबला. काही झाकले नाही. ताई ऐकत होत्या.

"म्हणजे मी बिघडले नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही."

"सहा महिने."

"हो."

बाहेर कुणीतरी सतारीचा भोपळा घासत होते, त्याची खरखर येत होती. ताई म्हणाल्या, "मला वाटलं, रामालाच माझा कंटाळा आला."

हेरंबरावांना रडू आवरेना.

"रडू नका हो. मला पुसता येत नाही." आणि मग त्यांची जुनी खोडी जागी झाली. "एकतीस वर्षं भर सभेत तुमचं कौतुक केलं, वाट बघतात म्हणून. घ्या आता. माझंच मला भोवलं."

रामनवमीला अठरा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी गार्गीने झांज ताईंच्या मांडीवर आणून ठेवली आणि शेवटचा भाग तुम्हीच करायचा असे सांगून टाकले. पूर्वरंग आणि आख्यान मी ओढून नेते म्हणाली. ताईंनी साकी म्हणून पाहिली, स्वच्छ आली, वेळेवर आली. दिंडीचे पदही आले. मग कटाव उचलला, आणि तो फाटला. शब्दांच्या घाईत पाकिटे दुप्पट सुटू लागली, बत्तीस जागा भरल्या आणि मधले मधले शब्द गळून गेले. हेरंबरावांनी तो पंधरवडा केंद्रात घालवला. अर्थ लावणारे नवे, वेगाचे यंत्र येणार होते ते पावसाळ्यात. यजमानाशी बोलणी करून करून ते पुन्हा त्याच दोन आकड्यांवर येत. एकात सगळे शब्द होते आणि वेळ नव्हती. दुसऱ्यात वेळ होती, पण शब्द सगळे नव्हते.

त्यांनी ताईंना विचारले. फक्त कटावापुरते, यंत्र पुन्हा सुरू करून, एकशे अठ्ठावीसवर जाऊ, मी ठेका मागे ठेवीन, कुणाला कळणार नाही.

"बारा वाजून गेल्यावर जन्मलेला राम मला नको," ताई म्हणाल्या. "बत्तीसच राहू दे. गळतील ते गळतील. पण एक ऐका. माझ्यासाठी थांबायचं नाही. मी पडले तरी ठेका पुढे न्यायचा."

"हात ऐकायचा नाही, मृणाल."

"मग हाताला आत्तापासून सांगून ठेवा. पुढे तरी कुणासाठी थांबणार आहात?"

 बोटाची पट्टी निघाली त्या दिवसापासून हेरंबराव रोज सकाळी फोनातल्या तबल्याबरोबर एकटेच सरळ ठेका धरून बसत.

नवमीला मांडव भरला. गार्गीने आख्यान छान आणले, थोडे घाबरत, पण आणले. पावणेबाराला ताईंची खुर्ची पुढे घेतली. पुजाऱ्यांनी कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला. साकी झाली. चांगली झाली. मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, कारण तो आवाज वर्षभराने त्या मांडवात येत होता.

मग कटाव. पहिल्या दोन ओळी धडधडत आल्या. तिसऱ्या ओळीत शरयू आली आणि तिचा काठ आला नाही. गुढ्या आल्या, कुठे उभारल्या ते आले नाही. प्रत्येक भोकापाशी हेरंबरावांचा डावा हात डग्ग्यावर रेंगाळू पाही, आणि ते त्याला ओढून पुढे नेत. एकतीस वर्षांत त्यांनी त्या बाईला कधी एकटे पुढे जाऊ दिले नव्हते, की मागे सोडले नव्हते. आज ते तिला सोडून पुढे जात होते आणि ती धावत गाठत होती, पुन्हा सुटत होती, पुन्हा गाठत होती. श्रोत्यांत कुणी हललेसुद्धा नाही. शेवटच्या ओळीला शब्द थोडके होते. ते सगळे आले. 'राम' समेवर आला आणि देवळातल्या घड्याळाचा ठोका पडला.

शंख, घंटा, झांजा, गुलाल. पाळण्याची दोरी हलली आणि बायकांनी पाळणा धरला. त्या कल्लोळात ताईंनी मान वळेल तेवढी वळवून हेरंबरावांकडे पाहिले आणि त्या बोलू लागल्या. ओठ हलत नसत, पण त्या बोलत असल्या की भुवया वर चढत, त्यावरून कळे. हेरंबराव तबला सोडून स्पीकरला कान लावून बसले. "अहो," एवढे आले. मग काही नाही. मग एक तुटका स्वर, मग काही नाही. ताईंचे डोळे भरून वाहत होते. त्या भरभर बोलत होत्या, कटावापेक्षाही भरभर, साठवलेले सगळे एकदम. घंटांच्या गजरात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता, तो येतो आहे असेच त्या धरून चालल्या होत्या. एखादे मिनिट गेले असेल. मग भुवया खाली आल्या आणि त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

हेरंबरावांनी मान डोलावली. ताईंनी डोळे मिटले.

दुपारी त्यांना घरी आणून निजवल्यावर हेरंबरावांनी लॅपटॉपवर केंद्रातली नोंद उघडली. बारा वाजून एक मिनिट ते बारा वाजून दोन मिनिटे, गळलेली पाकिटे सतरा हजार चारशे अकरा. ड्रायव्हर आकडा ठेवतो. पाकिटे ठेवत नाही. ते स्क्रीनकडे बघत बसले. मग ठरवले, की आत जायचे आणि सरळ सांगायचे, ऐकू आले नाही, पुन्हा एकदा सांग, हळूहळू सांग, आता घाई नाही.

ते आत गेले. ताई जाग्या होत्या. कपाळावर बुक्का, केसांत गुलाल. चेहरा इतका निवांत होता, की दारातच त्यांचे पाऊल अडले.

"ऐकलंत ना सगळं?" ताईंनी विचारले. हळू विचारले होते. एकही अक्षर गळले नाही.

हेरंबराव जवळ जाऊन बसले. त्यांचा हात हातात घेतला.

"हो," ते म्हणाले. "ऐकलं."